मानेवरची गाठ आणि मेणाचा ठोकळा

गेल्या पावसाळ्यात आम्ही विहाराच्या ओट्यावर बीपी-शुगरची तपासणी लावली होती. रांगेतून एक काकू पुढे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि स्वतःचा हात पुढे करायच्या ऐवजी मागे उभ्या असलेल्या मुलालाच त्यांनी पुढे ओढलं. "माझं बीपी राहू द्या ताई, आधी ह्याची मान बघा."

मुलगा १९ वर्षांचा. डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे गाठ होती. टीबीच्या गोळ्यांचा पाचवा महिना चालू होता. सुरुवातीला लिंबाएवढी असलेली गाठ आता अंड्याएवढी झाली होती. हाताला टणक लागत होती आणि जागची हलत नव्हती. दुखते का विचारलं तर म्हणाला, "अजिबात नाही." दुखत नाही म्हणूनच घरचे निवांत होते.

कान कसा आहे, असं आम्ही विचारलं. डावा कान दोन-तीन महिन्यांपासून पाणी गेल्यासारखा दडा बसलेला. काकूंनी कोमट तेल घातलं होतं, मग मेडिकलवाल्याकडून थेंब आणले होते. नाकाचं विचारलं तेव्हा मुलगा आईकडे बघत गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, सकाळी नाक शिंकरलं की कधी कधी रुमालाला रक्त लागतं, डाव्याच बाजूने. उन्हाने होत असेल असं त्याला वाटलं होतं. भर पावसाळ्यात ऊन कुठलं, पण घाबरलेलं माणूस असंच काहीतरी मनाशी धरून बसतं.

म्हणजे गाठीसाठी टीबीचा दवाखाना, कानासाठी मेडिकलचं दुकान, आणि नाकाचं कुणालाच सांगितलेलं नाही. तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या, एकाच बाजूच्या. पण तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून कुणी बघितल्याच नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला कान-नाक-घशाच्या ओपीडीत नेलं.

इथे टीबीच्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. आम्ही तसं करणार नाही. आपल्या देशात मानेवर गाठ आली की ती टीबीची असण्याचीच शक्यता मोठी असते. आपल्या आज्या हिला गंडमाळ म्हणायच्या. दाटीची वस्ती, बंद खोल्या, अर्धपोटी कष्ट, यातून टीबी आपल्या घरांत किती शिरलेला आहे हे सांगायला नको. शिवाय टीबीची गाठ औषध बरोबर चालू असतानाही मध्येच फुगू शकते, हे डॉक्टरांना माहीत असतं. त्यामुळे गाठ वाढली तरी "कोर्स पूर्ण करा" असं सांगितलं जातं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं.

चूक झाली ती कागद वाचण्यात. सुई टोचून गाठीतल्या पेशी काढतात त्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. या मुलाच्या एफएनएसीच्या रिपोर्टात "ग्रॅन्युलोमा दिसतात, टीबी असू शकतो" असं लिहिलं होतं. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने एखाद्या गोष्टीला घेराव घालण्यासाठी जमवलेल्या पेशींचा पुंजका. टीबीच्या जंतूभोवती असा घेराव पडतो हे खरं. पण काही कॅन्सरच्या आजूबाजूलाही तो पडतो. हॉजकिन लिंफोमात पडतो, नाकाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरमध्येही पडतो. सुई नेमकी घेरावात शिरली आणि आतला खरा गुन्हेगार तिच्या टोकाला लागलाच नाही, तर रिपोर्ट टीबीसारखा येतो. गाठीतल्या पाण्यात टीबीचा जंतू आहे का हे बघणारी सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. ती या मुलाची झालीच नव्हती. रिपोर्टातला "असू शकतो" हा शब्द केसपेपरवर येईपर्यंत "आहे" झाला होता.

ओपीडीत नाकातून दुर्बीण घातली. नाक जिथे संपतं आणि घसा जिथे सुरू होतो, त्या वरच्या कोपऱ्यात मांस वाढलेलं दिसलं. तोंड कितीही मोठं उघडलं तरी ही जागा दिसत नाही. कानातून येणारी नळी तिथेच उघडते, म्हणून कानाला दडा. तिथला तुकडा काढायचं ठरलं.

आता बाटलीची गोष्ट. आम्ही सिस्टर म्हणून वर्षानुवर्षं अशा बाटल्या भरल्या आहेत, त्यामुळे ही गोष्ट लिहिताना आमची आम्हालाच लाज वाटते. तुकडा काढला त्या दिवशी आम्ही दुसऱ्या पेशंटसोबत होतो. थिएटरच्या दारातून मामांनी मुलाच्या मोठ्या भावाच्या हातात एक छोटी बाटली दिली आणि बाहेरच्या लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगितलं. शनिवार दुपार होती. लॅब बंद. भावाने बाटली घरी आणली आणि जपून ठेवली. सोमवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर लॅबमध्ये नेऊन दिली. बाटलीत फॉर्मॅलीन नव्हतं, नुसतं सलाइन होतं. आठवड्याने रिपोर्ट आला: तुकडा कुजला आहे, मत देता येत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, मी तर बाटली हलूसुद्धा दिली नाही." त्याची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुन्हा तारीख, पुन्हा भूल, पुन्हा तुकडा. त्यात तीन आठवडे गेले.

म्हणून हे नीट वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. शरीरातून काढलेला तुकडा कॅन्सरच्या तपासणीसाठी जायचा असेल तर तो फॉर्मॅलीनमध्येच हवा. तुकडा बुडून वर भरपूर औषध राहील, साधारण दहापट, एवढं. फॉर्मॅलीनला उग्र वास असतो, डोळ्यांना झोंबतो. बाटली उघडून हुंगायला जाऊ नका, देणाऱ्याला सरळ विचारा, "ह्यात फॉर्मॅलीन आहे का?" पण टीबीच्या जंतूची तपासणी करायची असेल तर तोच तुकडा फॉर्मॅलीनमध्ये चालत नाही. फॉर्मॅलीन जंतूलाही मारतं. त्यासाठी वेगळा तुकडा, वेगळी बाटली, साधं सलाइन, आणि ती त्याच दिवशी पोहोचायला हवी. टीबी की कॅन्सर असा प्रश्न असेल तिथे दोन बाटल्या लागतात. दोन्ही बाटल्यांच्या अंगावर पेशंटचं नाव, तारीख आणि तुकडा कुठला ते लिहिलेलं हवं. झाकणावर लिहिलेलं चालत नाही, झाकणं बदलतात. दुसऱ्या वेळी आम्ही स्वतः दारात उभे राहिलो, दोन्ही बाटल्या घेतल्या आणि रिक्षाने नेऊन दिल्या.

रिपोर्ट आला. "घातक गोल पेशींची गाठ, आयएचसी करावी."

घरात रडारड झाली. कुणी म्हणालं हा रक्ताचा कॅन्सर, कुणी म्हणालं गाठीचा. एका नातेवाइकाने सगळ्यांसमोर विचारलं, "गुटखा खात होता का रे?" पोराने कधी सुपारीसुद्धा तोंडात घातली नव्हती. काकू त्या नातेवाइकाशी पुढे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं आपल्याकडचं मोठं कारण तंबाखू आहे, याबद्दल याच पानावर आम्ही खर्रा, मिश्री, गुटख्याविरुद्ध अनेकदा लिहिलं आहे आणि लिहीत राहू. पण डोक्या-मानेचे काही कॅन्सर असे आहेत की त्यांचा तंबाखूशी काही संबंध नाही. आजारी माणसाला आधी आरोपी करायची आपली सवय सुटायला हवी. अशा प्रश्नांना घाबरूनच कित्येक पेशंट उशिरा येतात.

लॅबमध्ये काय होतं

तुकडा लॅबमध्ये गेला की त्यातलं पाणी काढून तो वितळलेल्या मेणात बसवतात. मेण थिजलं की काडेपेटीपेक्षा लहान ठोकळा तयार होतो. त्याला ब्लॉक म्हणतात. यंत्राच्या पात्याने त्या ठोकळ्याचे केसापेक्षा कितीतरी बारीक काप काढतात, काचेवर चिकटवतात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवतात. मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. डोक्या-मानेच्या दहापैकी नऊ कॅन्सर एकाच जातीचे, स्क्वॅमस नावाचे असतात, आणि ते ओळखू येतात.

अडचण उरलेल्यांची. नाकात, सायनसमध्ये, घशाच्या वर, लाळेच्या ग्रंथींत कितीतरी जातींचे कॅन्सर होऊ शकतात आणि त्यातले पुष्कळ एकमेकांची सोंगं घेतात. लहान, गोल, गर्द जांभळ्या पेशींचा थवा दिसला तर तो लिंफोमा असेल, वास घेणाऱ्या मज्जातंतूंचा कॅन्सर असेल, मेलॅनोमा असेल, लहान मुलांत होणारा स्नायूंचा कॅन्सर असेल किंवा आपल्या मुलासारखा नाकामागचा कॅन्सर असेल. गुलाबी-जांभळ्या रंगात सगळे सारखेच दिसतात, पण उपचार मात्र वेगळे. लिंफोमाला मुख्यतः केमोथेरपी लागते, त्यात मोठं ऑपरेशन करून चेहरा बिघडवण्याचं कारण नसतं. वासाच्या मज्जातंतूच्या कॅन्सरला ऑपरेशन लागतं आणि बहुतेकदा त्यानंतर रेडिएशन. नाकामागच्या कॅन्सरला आधी ऑपरेशन नाही. रेडिएशन आणि केमो. नाव चुकलं की माणूस चुकीच्या दारातून आत जातो.

सोंग उतरवण्यासाठी आयएचसी करतात. त्याच मेणाच्या ठोकळ्याचे आणखी काप काढून प्रत्येकावर वेगळं रसायन टाकतात. पेशीत ठरावीक प्रथिन असेल तरच काप तपकिरी होतो. सीडी-४५ तपकिरी झालं तर लिंफोमाची दिशा, केराटिन झालं तर कार्सिनोमाची, एस-१०० आणि त्याच्या जोडीची रसायनं झाली तर मेलॅनोमाची. एका रसायनावर निर्णय होत नाही, पाच-सहा तरी बघावी लागतात. प्रत्येकाचे पैसे वेगळे आणि प्रत्येकासाठी काप वेगळा. तुकडा इवलासा असेल किंवा कुजलेला असेल तर काप पुरतच नाहीत.

या मुलाच्या काचा आणि ब्लॉक घेऊन आम्ही परळला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथे आयएचसी झाली, आणि ईबी नावाच्या विषाणूच्या खुणा पेशींत आहेत का तेही तपासलं. खुणा होत्या. नाव ठरलं: नॅसोफॅरिंजियल कार्सिनोमा. दक्षिण चीनमध्ये हा कॅन्सर नेहमीचा आहे, आपल्या देशात नागालँडमध्ये बराच दिसतो. महाराष्ट्रात मात्र दुर्मीळ, म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. तो कोवळ्या वयातही होतो आणि बहुतेकदा पहिल्यांदा दिसतो तो मानेवरच्या गाठीच्या रूपात.

आणखी काही सोंगं

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस किती घरांत आला ते आपण पाहिलं. तेव्हापासून नाकात काळी खपली किंवा टाळूला भोक दिसलं की लोक लगेच "काळी बुरशी" म्हणतात. पण नाकाचा एक लिंफोमा अगदी असाच दिसतो. एनके-टी सेल लिंफोमा त्याचं नाव. तोही चेहऱ्याचा मधला भाग पोखरत जातो, तिथलं मांस मरतं, घाण वास येतो. तुकडा नेमका मेलेल्या भागातून घेतला तर रिपोर्टात फक्त "मृत पेशी" येतं, मग दुसरा तुकडा, मग तिसरा. बुरशीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह नाही आणि बुरशीच्या औषधाने फरकही नाही, तर "जिवंत कडेचा, खोल तुकडा घ्याल का?" असं विचारायला घाबरू नका. डॉक्टरांना राग येईल ही भीती आपल्या लोकांना फार. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नाचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

वरच्या जबड्याच्या सायनसमधला कॅन्सर दातदुखीचं सोंग घेतो. दात हलतो, उपटला जातो, आणि खड्डा महिनाभर भरतच नाही. गालाला मुंग्या येतात. दंतवैद्य अँटिबायोटिक बदलत राहतात.

एक सोंग तर फार अलीकडे उघडकीला आलं. लाळेच्या ग्रंथीच्या काही गाठींना पॅथॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं दुसऱ्याच जातीचं नाव देत होते. २०१० साली चेक प्रजासत्ताकातल्या आलेना स्कालोव्हा या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पेशंटांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा काढून तपासले. या गाठींच्या पेशी स्तनाच्या एका दुर्मीळ कॅन्सरसारख्या दिसतात आणि त्यांच्या जनुकांतला बिघाडही तोच आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. आज हिला सिक्रिटरी कार्सिनोमा म्हणतात. बहुतेकदा ती सावकाश वाढते आणि ऑपरेशनने भागतं. पण पसरलीच तर त्या नेमक्या बिघाडावर चालणारी गोळी आता निघाली आहे. महाग आहे, आपल्या आवाक्याबाहेरची आहे, तरी नावच माहीत नसेल तर ती मागताही येणार नाही. आणि हे सगळं समजलं ते कुणीतरी कपाटात ठोकळे सांभाळून ठेवले होते म्हणून.

नाव कळलं म्हणजे माणूस वाचलाच, असं मात्र आम्ही सांगणार नाही. नट कार्सिनोमा नावाचा एक कॅन्सर आहे. तो बहुतेकदा तरुणांना होतो, नाकात, सायनसमध्ये किंवा छातीच्या मधल्या भागात. सूक्ष्मदर्शकाखाली तो साध्या स्क्वॅमस कॅन्सरसारखा दिसतो. त्याच्यासाठी आता वेगळं आयएचसी रसायन आहे, त्याने तो ओळखता येतो. पण तो इतक्या वेगाने वाढतो की बहुतेकांना वर्षही मिळत नाही. अशा घरालाही खरं नाव कळायला हवं, असं आमचं मत आहे. कुठलं कर्ज काढायचं आणि कुठलं नाही, पोराला गावी आजीला भेटवायला कधी न्यायचं, हे त्यावरून ठरतं. कुणाकडे जमीन विकायला लावणारे भोंदू येऊन बसलेले असतात, त्यांना दारातून परत पाठवता येतं.

आणि उलटंही होतं. आम्ही वॉर्डात ड्यूटी करायचो तेव्हाची गोष्ट. एका बाईंच्या टाळूवर अचानक खोल खड्डा पडला होता. दिसायला हुबेहूब कॅन्सर. तुकड्याचा पहिला रिपोर्टही कॅन्सरचाच. टाळूचा भाग काढायची तारीख ठरली, बाईंनी मुलांना बहिणीकडे पाठवून दिलं. ऑपरेशनच्या आधी आमच्या सीनियर डॉक्टरांना काहीतरी खटकलं, त्यांनी काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवल्या. मॅडमनी सांगितलं, हा कॅन्सर नाही. लाळेच्या बारीक ग्रंथींचा रक्तपुरवठा तुटून झालेली जखम आहे, आपोआप भरेल. याला नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लासिया म्हणतात. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. १९७३ साली डॉक्टरांनी याचं पहिल्यांदा वर्णन केलं तेच मुळी कॅन्सरशी घोटाळा होतो म्हणून. बाईंची जखम दीड-दोन महिन्यांत भरली. कॅन्सर नसताना टाळू गेली असती. दुसरं मत घ्यायला गेलं की आपण डॉक्टरांवर अविश्वास दाखवतो असं कुणी म्हणालं, की आम्ही ह्या बाईंची गोष्ट सांगतो.

काढलेली गाठ बादलीत जाऊ देऊ नका

आमच्याच भागात घरकाम करणाऱ्या एका ताईंच्या कानासमोर बोराएवढी गाठ होती. एका छोट्या नर्सिंग होममध्ये "चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचं काम" म्हणून काढली. लॅबला पाठवायचे वेगळे पैसे पडतील असं सांगितलं, ताईंनी नको म्हटलं. त्यांचंही काय चुकलं? त्या महिन्यात खोलीचं भाडं थकलं होतं. गाठ कचऱ्यात गेली. दोन वर्षांनी ती त्याच जागी परत आली, आणि ह्या वेळी गालात कळा येत होत्या, डोळा नीट मिटत नव्हता. लाळेच्या ग्रंथीचा ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा निघाला. हा सावकाश वाढतो, पण मज्जातंतूच्या कडेकडेने सरपटत जातो. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधीच्या गाठीचा रिपोर्ट? ब्लॉक?" काहीच नव्हतं. पहिल्या वेळी काय होतं, कडा साफ निघाल्या होत्या की नाही, आता कुणीच सांगू शकत नाही.

शरीरातून काढलेली कुठलीही गाठ, चरबीची वाटली, पाण्याची वाटली, तरी लॅबला गेलीच पाहिजे. पैसे नसतील तर ऑपरेशनच सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये करा. आणि चाळिशीनंतर मानेत पहिल्यांदाच आलेल्या पाण्याच्या गाठीला तर नुसतं "पाणी आहे" म्हणून सोडू नका. घशातल्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची गाठही कधी कधी आतून पाण्याने भरलेली असते.

दवाखान्यातून निघताना तीन गोष्टी मागा: रिपोर्ट, काचा आणि ब्लॉक. रिपोर्ट आणि केसपेपरची प्रत हा आपला हक्क आहे. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागद मागितले तर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. काचा आणि ब्लॉकसाठी लॅबला साधा अर्ज द्यावा लागतो, कुठे अनामत मागतात, सही करून पावती घ्यावी लागते. टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलला जाताना हे तिन्ही हातात असेल तर कित्येकदा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. प्रत्येक वेळी मुंबई गाठायलाच हवी असंही नाही. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सर येतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. पण मंजुरीसाठी तुकड्याचा रिपोर्ट लागतो, आणि त्याआधीच्या तपासण्यांचा खर्च बहुतेकदा खिशातूनच जातो. आपली माणसं अडतात ती नेमकी इथे. त्यासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा, अर्ज करा. धर्मादाय हॉस्पिटलांना मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे आपणहून कुणी सांगत नाही, मागावं लागतं. उपचाराला जाताना कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेचं स्लीपरचं तिकीट माफ आहे, सोबत्यालाही मोठी सवलत आहे. आणि परळला जाणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाबांनी ज्यांच्यासाठी आयुष्य झिजवलं तीच माणसं तिथे उतरतात.

कधी घाबरायचं आणि कधी नाही, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत येतो. सर्दी-खोकल्यात लहान मुलांच्या मानेला वाटाण्याएवढ्या गाठी येतात, जातात. त्यांच्यामागे धावू नका. तीन आठवडे झाले तरी न जाणारी, वाढत जाणारी, टणक गाठ मात्र दाखवा, दुखत नसली तरी. आणि "एकाच बाजूचं" हा शब्द ध्यानात ठेवा. सर्दीने दोन्ही नाकपुड्या बंद होतात. एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद असेल, त्याच बाजूने रक्त येत असेल, मोठ्या माणसाचा एकच कान विनाकारण दडलेला असेल, एकाच गालाला बधिरपणा असेल, एकाच डोळ्याची बाहुली तिरकी होऊन दोन-दोन दिसत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि दुर्बिणीने बघायला सांगा. मानेची गाठ उघडून कापण्याआधी नाक-घसा आतून बघून घेतलेला बरा. आणि चालू असलेली टीबीची औषधं मनाने बंद करायची नाहीत. टीबी आणि कॅन्सर दोन्ही एका अंगात राहू शकतात. औषध थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

त्या मुलाची केमो झाली, मग सुमारे सात आठवडे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस. त्याआधी किडलेले दोन दात काढावे लागले. तोंड आतून सोलल्यासारखं झालं, काकू पेज गाळून द्यायच्या, तीही काही दिवस नळीतून. वजन ११ किलोनं उतरलं. गाठ विरघळली. आता तो बरा आहे, "बरा झाला" असं आम्ही अजून म्हणत नाही, तपासण्या चालू आहेत. तोंडाला कोरड पडते म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ असते. कॉलेजचं एक वर्ष गेलं, यंदा पुन्हा फॉर्म भरला आहे.

मागच्या महिन्यात काकू एक पाकीट घेऊन आल्या. आत प्लॅस्टिकच्या डबीत काचा आणि तो मेणाचा ठोकळा. "ट्रीटमेंट संपली. आता हे टाकून देऊ का, ताई?" आम्ही म्हटलं, नाही काकू. कोरड्या जागेत ठेवा. पत्र्याखालच्या फळीवर नको, उन्हाळ्यात मेण मऊ पडेल, आणि माठाजवळही नको, ओल लागेल. त्यांनी पाकीट पुन्हा पिशवीत घातलं आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात पोराचं नाव लिहून द्यायला सांगितलं.